सासूच्या ताटातली मरळ

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, त्यांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका सुनेचा चेहरा मात्र तसाच समोर येतो. घरात सगळे आजारी आणि ती एकटी धडधाकट, एवढ्याच कारणावरून मी तिला संशयित धरले होते. नावे कोणाचीच सांगत नाही. धरणगावच्या बाजूला एका ठाण्याचा प्रमुख असतानाचे हे प्रकरण, निवृत्तीच्या जरा आधीचे.

सकाळची हजेरी चालू असताना एका गावचे पोलीस पाटील आले. चहा सांगितला तर नको म्हणाले. पोलीस पाटील चहा नाकारतो तेव्हा मामला गंभीर असतो, हा माझा अनुभव आहे. त्यांना आत घेतले.

"साहेब, तलावना काठे भोईनं घर शे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सासू खाटवर पडेल शे, पोऱ्याना हात थरथरतस. आनि सून मातर टणटणीत. तीच पारा चारस, असं गावन्या बाया सांगतस."

गावच्या बायका काय, कोणालाही काहीही म्हणतात. पण दुपारी सरकारी दवाखान्यातून वर्दी आली की त्या सासूच्या रक्तात खरोखरच पारा निघाला आहे. मग मी थांबलो नाही. पंच बोलावले, महिला हवालदाराला बरोबर घेतले आणि घराची झडती घेतली. गव्हाच्या कोठीत फडक्यात बांधलेल्या पाऱ्याच्या गोळ्या सापडल्या. कीड लागू नये म्हणून आमच्याकडे घरोघर त्या ठेवतात. माझ्या बायकोनेही ठेवल्या होत्या. तरी मी पंचनाम्यात 'पारायुक्त गोळ्या, नग सात' असे लिहून घेतले आणि मनाशी म्हटले, सापडली!

तिला चौकशीला बोलावले. पंचविशीची, सावळी, सरळ नजरेची बाई. महिला हवालदारासमोर मी दोन तास प्रश्न विचारले.

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करस."

"सगळे जेवतात तेच तू जेवतेस?"

"नही. माले उपदेश शे. मी मासा रांधस, पन खात नही."

तिचे माहेर महानुभाव पंथातले. त्या पंथाचा उपदेश घेतला की मांस-मासे वर्ज्य. लग्न झाले मासेमारी करणाऱ्या भोयाच्या घरात, पण उपदेश तिने सोडला नव्हता आणि सासूने कधी सोडायला लावला नव्हता. मला ती थाप वाटली. स्वतः रांधलेले स्वतः न खाणारी सून, म्हणजे आमच्या दृष्टीने अर्धा कबुलीजबाबच.

"मग तू एकटी कशी बरी?" मी आवाज चढवला.

तिचे डोळे भरले, पण नजर खाली गेली नाही. "मी चांगली शे, हाऊच मना गुन्हा का साहेब?"

मी अधिकच चिडलो. तिला सासूजवळ फिरकू देऊ नका, असे दवाखान्यात बजावून ठेवले. सलग तीन दिवस तिला ठाण्यात बसवले. नवरा बाहेर लिंबाखाली मान घालून बसायचा. गावाने तर तिला केव्हाच खुनी ठरवले होते. गुन्हा दाखल करायची तयारी झाली होती, फक्त प्रयोगशाळेचा सविस्तर अहवाल यायचा होता.

तो आला आणि त्यातला एक शब्द मला कळेना. 'मिथाइल पारा'. न कळणाऱ्या शब्दाखाली सही करायची नाही, ही माझी जुनी खोड. हाताखालचे लोक यावरून मागे हसायचे. मी अहवाल घेऊन जळगावला, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंकडे गेलो.

त्यांनी कागद वाचला आणि कोठीतल्या गोळ्यांचे ऐकून मान हलवली. "साहेब, तो पारा पोटात गेला तरी बराचसा तसाच बाहेर पडतो. हा वेगळा आहे. हा कुणी घरात बनवत नाही, जिवाणू बनवतात."

"जिवाणू?"

"पाण्याच्या तळाशी, हवा पोचत नाही अशा कुजक्या गाळात ते राहतात. तिथे पारा आला की त्याचं हे रूप करतात. गाळातले किडे ते खातात, त्या किड्यांना लहान मासा खातो, त्याला मोठा मासा. प्रत्येक पायरीला विष वाढत जातं. मी हे समुद्राच्या खाडीत अभ्यासलं, पण जिवाणूला खाडी काय आणि तलाव काय! त्या घरात मासे कोणते खातात?"

मी गावात परत गेलो. तलावाचे पाणी तपासले, ते स्वच्छ निघाले. गाळ आणि मासे तपासले, त्यांत पारा निघाला. सगळ्यांत जास्त मरळीत, कारण ती दुसरे मासे खाऊन वाढते.

आता तो तलावात आला कुठून, हे शोधणे माझे काम होते. तलावाला मिळणाऱ्या नाल्याच्या कडेने वर चालत गेलो तर झारेकऱ्यांच्या झोपड्या लागल्या. सराफांच्या दुकानातला केर आणून धुवायचा आणि पारा घालून त्यातले सोन्याचे कण गोळा करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. धुवण नाल्यात. त्यांच्यातला एक म्हातारा मला समजावू लागला, "साहेब, पारा जड शे. तळले बसस. पाणीमा कोठे मिसळस?"

जबाबावर सही करताना त्याचाही हात थरथरत होता. वर्षानुवर्षे पाऱ्याची वाफ छातीत घेतलेला माणूस. त्याच्यावर कारवाई केली, करावीच लागली, पण हात उचलावासा वाटला नाही. त्याला दवाखान्यात पाठवले. तलावातली मासेमारी बंद झाली आणि त्या नवऱ्याचे जाळे घरात गुंडाळून पडले.

सुनेला दवाखान्यात न्यायला मी स्वतः गेलो. जीपमध्ये तिला सगळे समजावून सांगितले, माफीही मागितली. ती ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "सासूले ताकद यावी म्हनीसन मीच मरळना रस्सा देत व्हती. जशी आजारी पडनी, तसा जास्ती दिधा. मंग मीच चारं का साहेब?"

तीन दिवस तिच्याकडून मी नेमके हेच वदवून घ्यायला बघत होतो. मी म्हणालो, "नाही बाई. तू सेवा केलीस." तिला ते पटले नाही, हे मला दिसत होते.

आम्ही पोलीस पुरावा जमवण्यात पटाईत असतो. त्या प्रकरणात पुरावा चोख होता. पारा होता, रांधणारे हात होते, आणि न खाणारे तोंडही होते. चुकीचा होता तो माझा निष्कर्ष. निर्दोष माणसाकडेही सगळा पुरावा बोट दाखवू शकतो, हे मी पुस्तकात वाचले होते. समजले ते तिच्या शेजारी बसल्यावर.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सासूची जीभ जड झाली होती, नजर अरुंद होऊन फक्त समोरचेच दिसत होते. सून दारातच थबकली, आत पाऊल टाकेना. म्हातारीने मान वळवून तिला शोधले आणि अडखळत म्हणाली, "कोठे व्हती तू? माले भूक लागनी. तुना हातनं दे काही."