लाल बाण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. समोर टीव्हीवर एक कोटवाला जगभरच्या शेअर बाजारांचं पुढचं भाकीत सांगत होता. जपानपासून अमेरिकेपर्यंत लाल बाण.

"आज सगळीकडं लालच लाल, चांगलं झालं की हो," बायको म्हणाली.

"येडे, लाल म्हणजे पडलं. जग बुडायला लागलंय."

"कुंकवाच्या रंगाला कुणी वाईट म्हणतं व्हय?" ती हसली. "आणि एवढं पुढचं कळतंय, तर माझ्या गुडघ्यांचं पण विचारा त्यांना."

"गप. ऐकू दे."

अर्धी जुडी ठेवून ती चहा करायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली, ती गेलीच.

आमचा एक शेअर नाही. तरी मी त्या कोटवाल्याचं ऐकत बसलो, हिचं नाही. पुढच्या वर्षी जगाचं काय होणार हे तो सांगत होता. चहापर्यंतचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून जीव एका जागी ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही लावला. बाण हिरवे, जग सावरलं म्हणे. मी आवाज बंद केला आणि मेथी पुढं ओढली.

सून म्हणाली, "मामा, सुतकात चूल पेटायची नाही. भाजी कशाला?"

"शिजवत नाही गं," म्हटलं, "अर्धी राहिलीय."