समोरच्याचं पाणी

पाण्याला नावं ठेवावीत ती माझ्या साडूनेच. घाटकोपरच्या डोंगराखाली त्याचं थंड पाण्याचे जार भरून विकायचं दुकान आहे, आणि स्वतःचं सोडून जगातलं एकही पाणी त्याला पिण्याजोगं वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत हा माणूस पेला उजेडाकडे धरून बघतो आणि यजमानासमोर मान हलवतो. माझ्या घरी पाणी नुसतं हुंगतो. चहा आला की मग बोलायला लागतो. पण खरं वैर समोरच्याशी. रस्त्यापलीकडे त्याच धंद्यात बसलेल्या त्या बापड्याचं नावसुद्धा साडू घेत नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, "तेचा पाणी कुत्रो पण पिवचो नाय." वास्तविक सकाळचा टँकर अर्धा याच्या टाकीत रिकामा होतो आणि अर्धा समोर, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणे, "चव हाताक आसता रे, तुका काय कळतला?" पाणी गाळतं यंत्र, याचा हात फक्त नळ फिरवतो. अशा माणसाशी कोण वाद घालणार?

गेल्या पावसाळ्यात समोरच्याला कावीळ झाली. पाणी विकणाऱ्याला कावीळ झाल्याचं कळलं की त्याचं दुकान उठलंच म्हणायचं, आणि गल्लीत ते कळलं होतं एकट्या साडूला, मेहुणीकडून मग मला. इतकी वर्षं खोटं बोलून दमलेल्या माणसाच्या हाती अखेर एक खरी गोष्ट लागली होती. आता हा दवंडी पिटणार, म्हणून मी मुद्दाम मजा बघायला गेलो. तर हा गल्लीला सांगतोय, "समोरचो गावाक गेलो हा. देवीची जत्रा आसा." भर पावसात कसली जत्रा, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेव्हा त्याने माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

मला वाटलं, टँकर एकच, हा आपलीच कातडी वाचवतोय. तसं असेलही. पण महिनाभर तो समोरच्याचे निळे जार आपल्याकडे भरून त्याच्या गिऱ्हाइकांना खांद्यावरून पोचवत होता, त्याचं काय? एकदा मीही बरोबर डोंगर चढलो. वरच्या घरातली म्हातारी पेलाभर प्यायली आणि म्हणाली, "राग नको मानू रे, पण तुझ्यापेक्षा त्याचंच पाणी गोड." आता हा भडकणार, म्हणून मी मागे सरलो. साडूने घाम पुसला.

"होय गे आये," तो म्हणाला, "तेचा पाणी गोडच आसता."

मला काहीतरी बरं बोलावंसं वाटलं, पण साडूशी तसं बोलायची मला सवय नाही. उतरताना रिकामा जार मात्र मी त्याच्या हातून काढून घेतला.