पंपाच्या खोलीतली तीन मशिनं

सगळे त्यांना मावशी म्हणतात. मीही म्हणतो, जरी त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. त्या मला टर्नर म्हणतात. कारखान्यात मी लेथवर होतो आणि त्या मोटरी भरायच्या खात्यात. निवृत्त होऊन आम्हा दोघांनाही बरीच वर्षं झाली, पण हाक तीच राहिली.

मोटर भरणं म्हणजे जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. वेढे मोजून घालावे लागतात. एक वेढा चुकला तर मोटर गरम होते. मावशी बोलता बोलता मोजायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत. प्रत्येक मोटरला एक जॉब कार्ड असे. काय बिघडलं, काय केलं, किती वेढे, तारीख, सही. कार्ड कोरं ठेवून मोटर पुढे पाठवलेली त्यांना खपत नसे. त्यावरून एकदा त्या फोरमनशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

त्यांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दिवसाला दोन-तीन चादरी निघत. मावशींनी कुणीतरी टाकून दिलेलं धुण्याचं मशिन आणलं, मोटर भरली आणि चालू केलं. सासूबाई गेल्यावर मशिन रिकामं झालं. दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतल्या निवृत्त ड्रायव्हरला अर्धांगवायू झाला. त्याची बायको नळाखाली चादरी आपटताना मावशींनी पाहिली. सोसायटीचा जुना पंप बंद पडून खोली मोकळी होती. मावशींनी तिथं मशिन बसवलं. पुढे अशीच टाकलेली आणखी दोन आली. चार इमारतींतली अंथरुणाला खिळलेली माणसं आता अकरा आहेत. रोज सकाळी त्यांच्या चादरी पंपाच्या खोलीत येतात, दुपारी वाळून परत जातात. बारा वर्षांत खाडा नाही. मावशींना ताप होता तेव्हा मी चालवलं, आणि माझं काम त्यांना पसंत पडलं नाही.

मशिनं तिन्ही जुन्या पद्धतीची, वरून पाणी ओतायची. त्याचा फायदा असा की पहिल्या मशिनचं शेवटचं खळबळल्याचं पाणी दुसऱ्यात धुवायला घेता येतं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. अकरा चादरींना मोजून चौदा बादल्या. मी स्वतः भरल्या आहेत. नवीन मशिन झाकण बंद करून घेतं, दर खेपेला हवं तेवढं पाणी पितं आणि गटारात सोडून देतं. त्याला कुणी विचारू शकत नाही.

या वर्षी सरकारी नियम आला. वीज आणि पाणी वाचावं म्हणून सामाईक जागेतली जुनी मशिनं बंद करायची. ज्या मशिनची मोटर मूळचीच आहे त्याला पाच वर्षांची सवलत. मोटरला हात लावलेला असेल तर सवलत नाही, मशिन सील. पाणी किती लागतं हे मशिनच्या पाठीवरच्या पट्टीवर बघायचं. पट्टी नसेल तर जास्तच लागतं असं धरायचं. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एक बादली उचलली नसावी. बादली उचलणाऱ्याला पाणी वाचवायला कुणी शिकवावं लागत नाही.

आता घोळ हा की मावशींनी तिन्ही मशिनांना जॉब कार्डं टांगलेली होती. कारखान्यातल्यासारखीच, जाड पुठ्ठ्याची, तारेत ओवलेली. तपासणी येणार असं कळल्यावर मी कार्डं काढून ठेवा म्हटलं. मोटर उघडल्याशिवाय कुणाला काही कळणार नव्हतं. मावशींनी विचारलं, उद्या मशिन अडलं तर मी वाचू काय, तुमचं तोंड? विषय संपला.

सोमवारी तपासनीस आला. पोरगेला, सभ्य, बूट बाहेर काढून आत आला. ओल्या जमिनीवर त्याचे मोजे भिजले. त्याने पहिलं कार्ड वाचलं, मग आमच्याकडे बघितलं.

"मावशी, हे मी पाहिलंच नाही असं समजलं तर?"

"पाहिलंत ना? मग पाहिलं म्हणा. खाली सही माझीच आहे, अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवते."

त्याने तिन्ही मशिनांना सील लावलं. जाताना म्हणाला की मशिन घरात असतं तर नियम लागू झाला नसता, तसा अर्ज मिळतो. मावशींनी तो मागून घेतला, पण लगेच भरला नाही. आधी त्या दिवसाच्या चादरी होत्या.

पुढचे चार दिवस आम्ही हाताने धुतलं. मी, मावशी, त्यांचे यजमान आणि ड्रायव्हरची बायको. ओली चादर पिळणं हे दोन धडधाकट माणसांचं काम आहे. आम्ही चौघं मिळून दोन होत नव्हतो. रोज सात व्हायच्या, चार राहायच्या. मावशींची बोटं आधीच सांध्यांशी सुजलेली. तिसऱ्या दिवशी त्यांना कपबशी धरता येईना. ड्रायव्हर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओल्यावरच पडून होता. त्याने तक्रार केली नाही. त्याला बोलता येत नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी विभाग कार्यालयात मावशींचा सत्कार होता, समाजसेवेबद्दल. नावं दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. मला वाटलं त्या जाणार नाहीत. पण शिफारस शेजाऱ्यांनी केलेली, त्यांना वाईट वाटेल म्हणून गेल्या. अधिकाऱ्यांनी निःस्वार्थ वगैरे बरंच सांगितलं, कागद हातात दिला आणि दोन शब्द बोलायला लावलं.

मावशी म्हणाल्या, "ज्या कामाबद्दल हा कागद दिलात, ते तुम्ही सोमवारी बंद केलंत. रविवारी बोलावलं असतंत तर बरं झालं असतं."

लोक हसले. अधिकारीही हसले आणि म्हणाले की ते खातं वेगळं.

"मग दोन्ही खात्यांची ओळख करून द्या," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

शुक्रवारी त्यांनी अर्ज भरला. मशिन घरगुती आहे असं लिहून द्यायचं, आणि त्यावर कुणाचे कपडे धुतले जातात त्यांची नावं, पुढे नातं. मी सुचवलं की तुमची दोघांची लिहा आणि मोकळ्या व्हा. कार्डांच्या वेळी जे झालं तेच झालं. त्यांनी दोन नावं लिहिली, मग खाली अकरा. जागा संपली तेव्हा कागद उलटा केला. पहिल्या दोघांपुढे "स्वतः" आणि "नवरा". पुढच्या अकरांपुढे नात्याच्या रकान्यात अकरा वेळा एकच: "चादर धुते."

तपासनीसाने तो कागद त्याच्या कार्यालयात खिडकीशी बसून दोनदा वाचला. मी शेजारी उभा होतो. हे नाकारलं गेलं तर ड्रायव्हरच्या बायकोला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. मावशी त्याच्या पेनाकडे बघत होत्या.

"दोनच नावांचा नवा अर्ज दिलात तर मला सोपं जाईल," तो म्हणाला.

"मला नाही जाणार."

त्याने नियमाचं पुस्तक काढलं, पानं उलटली, परत मिटलं. मग म्हणाला, "नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते यात दिलेलं नाही." आणि शिक्का मारला.

शनिवारी सील निघालं आणि मशिनं दुसऱ्या मजल्यावर मावशींच्या घरी चढवली. मावशींचे यजमान कारखान्यात क्रेन चालवायचे, तिथं सगळं खुणांवर चाले. ते जिन्यात उभं राहून तोंडातून शब्द न काढता हाताच्या खुणांनी आम्हाला वर, डावीकडे, थांब असं सांगत होते. तिसऱ्या वळणावर त्यांनी थांबची खूण इतका वेळ धरली की मावशी मशिनखालून ओरडल्या, "अहो, झोपलात का?" घर दोन खोल्यांचं. एक मशिन मोरीत, दोन स्वयंपाकघरात, पाणी एकातून दुसऱ्यात जाईल अशी ओळीने. त्यासाठी जेवायचं टेबल काढावं लागलं. ते माझ्याकडे आलं.

आता यजमान ताट घेऊन दुपारी माझ्याकडे जेवायला येतात. मावशी ओट्याशी उभ्यानेच खातात, कारण तेव्हा तिसरं मशिन चालू असतं. चादरी दीडपर्यंत वाळतात. त्या घरोघरी पोचवायचं काम माझ्याकडे आहे. घडी नीट नसेल तर मावशी जिन्यातून परत बोलावतात.