पेत्रोवदेनआधीचं सफरचंद

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात वेलिका गेली तीन वर्षं एकाच शब्दावर भागवत होती. "बरं." घेवडा संपला, बरं. पाइपाला पाणी नाही, बरं. स्पेनमधून नवऱ्याचा फोन आला, यंदाही येणं जमत नाही म्हणाला, त्यालाही बरं. मी शाळेची बस चालवतो. आसपासच्या गावांची पोरं सकाळी आणतो, दुपारी सोडतो, आणि मधल्या वेळात स्वयंपाकघराच्या दारात कॉफी पीत बसतो. त्यामुळे हे सगळे "बरं" माझ्या कानांवरून गेलेले आहेत.

आधीची वेलिका अशी नव्हती. त्या बाईच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. प्रत्येक गोष्ट तिच्या लेखी मेली असायची: मेली कढई, मेला पाऊस, मेली तुझी बस. पूर्वी पोरांचं जेवण शहरातून चांदीच्या कागदाच्या डब्यांत यायचं. गार बटाटा आणि त्याच्यावर काहीतरी तपकिरी. वेलिकाचं काम फक्त झाकणं काढायचं. एक दिवस ती डबा घेऊन तेव्हाच्या मोठ्या सरांच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "हे मी आमच्या कुत्र्यापुढे ठेवलं. मेला माझ्याकडे बघून उठून गेला." मग तिनं शाळेमागचं अर्धं मैदान खणून काढलं. फुटबॉल गेला म्हणून पोरं आठवडाभर फुरंगटली होती.

प्रत्येक पोराला एक वाफा. पिकेल ते पातेल्यात जायचं, उरलेलं गावातल्या लोकांकडून घ्यायचं. माझ्या डोक्यात मात्र एक गंमत घोळायची. आमचे बाप्ये स्पेनमध्ये जाऊन टोमॅटो तोडतात आणि तेच टोमॅटो ट्रकनं आमच्याच दुकानात येतात. वेलिकाच्या बागेत एकच नियम होता. ज्याच्या वाफ्यात काही आलं नाही, त्याला शेजारचा अर्धं देणार. यंदाच्या वसंतात पहिलीतल्या इस्क्रानं पाणी घालघालून गाजरं कुजवली, तेव्हा शेजारच्या मारियोला अर्धी गाजरं द्यावी लागली. रडत रडत दिली, पण दिली.

वेलिकाचा मुलगा आसेन. तो पहिलीत असताना आजोबांच्या झाडाची फांदी कलम करून त्यानं बागेच्या कोपऱ्यात सफरचंदाचं रोप लावलं. ती तीन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूतली गोष्ट. त्याच हिवाळ्यात मेंदूज्वरानं तो गेला. शनिवारी ताप आला आणि सोमवारी मी त्याच्याशिवाय बस आणली. दर वर्षी त्याच्या स्मरणाचा कागद शाळेच्या फाटकावर लागतो, वर फोटो. पुढचा दात पडलेला. बाकीच्या पोरांना दात आले, ती उंच झाली, हा तसाच. पावसानं कागद उडतो तेव्हा वेलिका नवा चिकटवते आणि आत जाऊन कांदे चिरते. मी तिला कधी रडताना पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याची भीतीच वाटायची.

यंदा त्या झाडाला पहिल्यांदा फळ धरलं.

आता आमच्याकडे एक रीत आहे. ज्या आईचं मूल गेलं, ती पेत्रोवदेनचा सण होईपर्यंत नव्या हंगामाचं सफरचंद तोंडात घालत नाही. त्या दिवशी वरती सगळ्या गेलेल्या मुलांना सफरचंदं वाटतात. ज्याच्या आईनं आधीच खाल्लं असेल त्या मुलाला सांगतात, तुझं तुझ्या आईनं खाल्लं, आणि त्याला तसंच रिकाम्या हातानं उभं ठेवतात. खरं-खोटं देव जाणे. मी चर्चमध्ये जातो ते लग्नाच्या जेवणासाठी. पण माझी थोरली बहीण रुम्याना लहानपणीच गेली, आणि आमची म्हातारी आई आजतागायत ही रीत पाळते आहे. जूनमध्ये घरात सफरचंद कापलं तर ती खोलीबाहेर जाऊन बसते.

तर जूनच्या मध्याला, पेत्रोवदेनला पंधरवडा असताना, नगरपालिकेचे तोंचेव साहेब आले. खेड्यांतली स्वयंपाकघरं बंद करून सगळीकडे पुन्हा शहरातून डबे पाठवायचे असं घाटत होतं, आणि कुणाचं ठेवायचं, कुणाचं बंद करायचं ते हे साहेब ठरवणार होते. आमच्या मोठ्या बाई रादोस्तिना, वयानं लहान, प्लोवदिव्ह शहरातल्या. मनानं चांगल्या. त्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "मावशी, सगळं आपल्या बागेतलंच करा हं. आणि त्या छोट्या झाडाची सफरचंदंही साखरपाण्यात उकडा. पहिलं फळ आहे, साहेबांवर छाप पडेल."

"बरं," वेलिका म्हणाली.

नियम असा, की पोरांच्या ताटात पडण्याआधी प्रत्येक पदार्थ स्वयंपाकिणीनं सगळ्यांसमोर चाखायचा. नव्या बटाट्यांचं आणि वाटाण्याचं सूप तिनं चाखलं. शेपू घातलेलं दही चाखलं. मग तोंचेव साहेबांनी सफरचंदांच्या पातेल्याकडे बोट केलं.

"आणि हे?"

"ते पोरांसाठी आहे."

"असू दे की. चाखा."

"नाही," वेलिका म्हणाली.

तीन वर्षांत मी तो शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी पावाची टोपली घेऊन मागे उभा होतो. तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मोठ्या बाई कसनुशा हसल्या. "मावशी, एक चमचा फक्त."

"झाडावर काही फवारलंय वाटतं?" तोंचेव साहेब म्हणाले. त्यांचंही काय चुकलं? "जी शिजवते तीच खात नाही, आणि ते पोरांना घालायचं? त्यापेक्षा माझे डबे बरे. निदान त्यात काय आहे ते तरी कळतं."

"साहेब, त्याचं असं आहे—" मी तोंड उघडलं.

"देल्चो, तू गप." वेलिकानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जा, तुझी बस पूस."

पोराचं मरण पुढे करून तिला स्वयंपाकघर राखायचं नव्हतं, ते मला तिच्या पाठीवरून कळलं. तिनं एकदा टेबलांकडे पाहिलं. सगळी पोरं हातात चमचे धरून बसली होती. मग तिनं पातेल्यातली एक फोड घेतली, तोंडात टाकली, चावली, गिळली.

"गोड आहे," ती म्हणाली. "वाढा."

तोंचेव साहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि जाताना मोठ्या बाईंचा हात हलवून म्हणाले, असं स्वयंपाकघर बंद करायचं म्हणजे पाप. टाळ्या वाजल्या. गाडी वळणाआड गेल्यावर मी मोठ्या बाईंना काय झालं ते सांगितलं. त्या बटाट्यांच्या पोत्यावर मटकन बसल्या आणि रडायलाच लागल्या. "मला कुणी सांगितलं का नाही? मावशी, तुम्ही तरी बोलायचंत!" वेलिका पातेलं घासत होती. "बरं, झालं ते झालं," ती म्हणाली, "उठा, पोत्याखाली ओल आहे." मला वाटलं, ही बाई आता आतून पुरती दगड झाली.

पेत्रोवदेनला सगळं गाव दफनभूमीत जातं. वेलिका झाडावर उरलेली सफरचंदं टोपलीत घालून आसेनच्या दगडापाशी उभी होती आणि येईल त्याच्या हातात आसेनच्या नावानं एकेक ठेवत होती. लोक "देव त्याला क्षमा करो" म्हणत आणि पुढे जात. मी म्हातारीला घेऊन आलो होतो, कारण रुम्यानाचा दगड आसेनच्या शेजारीच आहे. म्हातारी पलीकडच्या बाकावर टेकली होती.

इस्क्रानं सफरचंद घेतलं, म्हणायचं ते म्हटलं, आणि तिथंच उभी राहिली.

"मावशी, तू नाही खात? माझी आजी म्हणते आजपासून चालतं."

"मी आधीच खाल्लं. त्या दिवशी, तुमच्यासमोर." मीठ संपलं हे सांगावं तशी ती बोलली. "आज आसेनला मिळायचं नाही."

इस्क्रानं जरा विचार केला. "मग शेजारचा देईल की."

"कोण शेजारचा?"

"तूच सांगतेस ना, ज्याच्या वाफ्यात आलं नाही त्याला शेजारचा अर्धं देतो? मला नाही का मारियोनं दिली गाजरं?"

वेलिकानं शेजारच्या दगडाकडे पाहिलं. शेवाळ धरलेला, अक्षरं पुसट झालेली. मग माझ्याकडे वळली.

"देल्चो, तुझ्या आईनं आधी खाल्लं नव्हतं ना?"

"नाही. यंदाही नाही, कधीच नाही."

"नक्की?"

"ती बघ बाकावर बसलीय. विचार हवं तर."

तिनं विचारलं नाही. टोपलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तुझी रुम्याना कशी होती रे? म्हणजे हट्टी होती का? हातातलं सोडायची नाही असं काही?"

"छे," मी म्हणालो. "दे म्हटलं की देऊन टाकायची. खाऊ असो, खेळणं असो."

रुम्याना माझ्या जन्माआधी गेली. तिचा एक फोटोसुद्धा आमच्या घरात नाही.

वेलिकानं टोपलीतलं एक सफरचंद उचललं, एप्रनला पुसलं आणि कचकन चावलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"आंबट आहे मेलं," ती म्हणाली, आणि तिथंच गवतात बसून रडायला लागली.