डावीकडे न वळणारे देवस्थळी

अमेरिकेतल्या बॉथेलच्या प्रतापराव देवस्थळींना काय येत नाही ते विचारा! कुणाचं गराजचं दार अडकलं, करा प्रतापरावांना फोन. मंडळाच्या गणपतीचं मखर कलंडतंय, बोलवा प्रतापरावांना. अख्खी नोकरी विमानाच्या पंखांची गणितं करण्यात गेली, आणि रिटायर झाल्यापासून तर हा माणूस सल्ला द्यायला नुसता टपलेला असतो. अशा या सर्वज्ञ गृहस्थाला एक गोष्ट मात्र येत नव्हती. सायकल.

आणि हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही.

त्याचं झालं होतं असं. प्रताप सांगलीला मुलगी बघायला गेला. पोहे झाले, चहा झाला, स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, सगळं विचारून झालं, आणि कुणीतरी म्हणायचं म्हणून म्हणालं, "तुला काही विचारायचंय का गं मुलाला?" यावर मुलींनी मान खाली घालून नाही म्हणायचं अशी रीत. उत्तराने मान वर केली आणि विचारलं, "तुम्हाला सायकल येते का?"

आता बोला! अमेरिकेत नोकरी लागलेला मुलगा. त्याला पगार विचारा, व्हिसा विचारा, सिगारेट ओढतो का विचारा. सायकल? प्रतापची शाळा होती घरासमोर आणि कॉलेज हॉस्टेलसमोर. सायकलची कधी गरजच पडली नव्हती. पण मुलगी अशी रोखून बघत होती की त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो, येते की." आणि खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणून वर जोडलं, "हात सोडूनसुद्धा." ती खुदकन हसली. लग्न ठरलं.

मग अमेरिका. इथे दूध आणायला गाडी, देवळात जायला गाडी, जिममध्ये चालायला जायचं तरी गाडी. सायकलचा विषय निघतोच कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, ती चाळीसेक वर्षं झाकलेलीच राहिली. त्या मुठीवर बाँब टाकला तो पोटच्या पोरीनं.

उर्वी पोर्टलंडला राहते. लोकांचे जुने सोफे उसवून नव्याने शिवून देते आणि त्यावर मजेत जगते. लग्नाच्या वाढदिवसाला ती केक घेऊन आली आणि म्हणाली, "आई, बाबा, सप्टेंबरमध्ये तुम्ही फ्रान्सला जाताय. बरगंडीला. द्राक्षांच्या मळ्यांमधून सायकलिंग. सेल्फ-गायडेड आहे, सो नो ग्रुप, नो घाई. तुमचं सामान व्हॅनने पुढच्या हॉटेलला जातं. तुम्ही आपलं आरामात पेडल मारायचं, वाटेत वाइन टेस्ट करायची. माझ्याकडून गिफ्ट!"

"सायकलवर?" प्रतापरावांचा आवाज चिरकला.

"ऑफ कोर्स! आई नेहमी सांगते ना, बाबा नो-हँड्स चालवतात."

उत्तराबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. आनंदाच्या भरात सांडला असणार, असं प्रतापरावांना वाटलं.

"पण एक ट्रायल राइड मस्ट," उर्वी म्हणाली. "आपला नदीकाठचा ट्रेल. बॉथेलहून वुडिनव्हिलच्या वायनरीपर्यंत जायचं, वाइन टेस्ट करायची आणि राइड करत परत यायचं. मी ट्रेलजवळच्या पार्किंग लॉटमध्ये थांबेन. नीट चालवत आलेले दिसलात, तर बुकिंग कन्फर्म. नाहीतर कॅन्सल. तिकडे पडलात तर मी कुठे धावू?"

झालं! घोडामैदान जवळच होतं. प्रतापरावांना फ्रान्सची तेवढी फिकीर नव्हती. फिकीर होती ती सांगलीत दिलेल्या त्या एका 'हो'ची. मुलीसमोर आणि बायकोसमोर या वयात पितळ उघडं पडायचं म्हणजे!

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुणाच्या तरी गराज सेलमधून एक जुनी सायकल स्वस्तात उचलली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली लपवली. "लायब्ररीत जातो" म्हणून निघायचं आणि एका चर्चमागच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन पडायचं, असा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. पडायचंच म्हणायला हवं, कारण पहिला आठवडा दुसरं काही झालं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर विमानं हवेत तोलली, त्याला दोन चाकं जमिनीवर तोलता येईनात. तरी गडी चिवट. हळूहळू सरळ जायला जमलं. उजवीकडे वळायला जमलं. डावीकडे वळायचं म्हटलं की मात्र धाडकन खाली! आणि थांबायला काहीतरी धरायला लागायचं, खांब म्हणा, झाड म्हणा.

"लायब्ररीत कोपर कसं सोललं हो?" उत्तराबाईंनी एकदा विचारलं.

"वरच्या फळीवरचं पुस्तक काढत होतो. आणि तुझा गुडघा गं?"

"योगा," त्या म्हणाल्या. त्या हल्ली रोज योगाला जात होत्या, आणि रात्री दोघं टीव्हीसमोर बसून एकाच बाटलीतलं तेल आपापल्या गुडघ्यांना चोळत होती. घरभर निलगिरीचा वास. प्रतापरावांना काडीचाही संशय आला नाही. विमानाची गणितं करणारा माणूस तो, बायकोचं गणित त्याला कुठून सुटणार?

जून उजाडला आणि ट्रायलचा तो रविवार आला. उर्वीने दोन भाड्याच्या सायकली आणून दिल्या आणि ती एका मैत्रिणीकडे गेली. ती वळणाआड होईपर्यंत दोघंही हेल्मेटचे पट्टे आवळत बसली. बराच वेळ आवळत बसली.

"तुम्ही व्हा पुढे," उत्तराबाई म्हणाल्या.

"छे, लेडीज फर्स्ट."

शेवटी प्रतापराव उसनं अवसान आणून निघाले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गवत, मध्ये गुळगुळीत सपाट रस्ता. सरळ! देवाची कृपा! थोडं अंतर गेल्यावर वारा लागला, पाठीवर ऊन आलं आणि प्रतापरावांना एकाएकी असं हलकं वाटलं, की ते चक्क शीळ घालायला लागले. आपण सायकल चालवतोय! सत्तरीला टेकलेले आपण, चाललोय की!

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ऑन युअर लेफ्ट!" इथल्या ट्रेलवर पुढे जाणारा सायकलवाला असं ओरडूनच जातो. पण डावीकडे हा शब्द ऐकला की प्रतापरावांचं हँडल आपोआप उजवीकडे फिरायचं. ते उजवीकडे सरकले, ते सरकतच गेले, आणि बदकांची एक अख्खी सभा पांगवून परत रस्त्यावर आले. मागे बघायची सोय नव्हती, पण मागूनही "अगं आई गं!" असं ऐकू आलं. उत्तरा बदकांना हाकलतेय, असं त्यांनी समजून घेतलं.

वायनरी सुदैवाने उजव्या हाताला होती. प्रतापरावांनी फाटकाजवळचा पाटीचा खांब हेरला, मिठी मारून धरला आणि थांबले. उत्तराबाई मात्र थांबल्या नाहीत. त्या ताठ बसून, डोळे गच्च मिटून, त्यांच्या बाजूने सरळ आत गेल्या, लॅव्हेंडरच्या ताटव्यात शिरल्या आणि अलगद आडव्या झाल्या.

"ब्रेकच खराब आहेत," त्या फुलांमधून म्हणाल्या.

"अमेरिकन ब्रेक, दुसरं काय!" खांब न सोडता प्रतापराव म्हणाले.

आत गेल्यावर लांब झुमके घातलेल्या एका हसऱ्या बाईने त्यांना अंगणातल्या टेबलावर बसवलं आणि चार-चार छोटे ग्लास मांडले. दोघांचाही वाइनशी संबंध ऑफिसच्या पार्टीपुरता. पण फ्रान्सला जायचं तर सराव नको? बाई ओतता ओतता सांगत होती, यात चेरी आहे, यात चामडं आहे, यात ओला दगड आहे.

"चामडं?" उत्तराबाईंनी घाबरत घोट घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, हे तर जांभूळ! घसासुद्धा तस्साच धरतंय."

मग बाईने मधोमध एक चिनीमातीचं भांडं ठेवलं. एक घोट घ्यायचा आणि उरलेली यात ओतून टाकायची, म्हणाली. सगळे तसंच करतात. आजूबाजूची मंडळी खरोखरच तसं करत होती.

टाकायची? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पानातलं टाकलं तर आई उठू द्यायची नाही, अशा घरात दोघं वाढलेली. पोरीलाही त्यांनी तेच शिकवलं, तिच्या ताटातली ब्रोकोली संपेपर्यंत समोर बसून. एवढी द्राक्षं कुणीतरी पिकवली, पिळली, वर्षानुवर्षं मुरवली, ती काय मोरीत ओतायला? दोघांनी ग्लास चाटूनपुसून रिकामे केले. झुमकेवाली हरखली. असे रसिक तिला कुठे भेटायला! तिने आतून आणखी दोन बाटल्या आणल्या. पान रिकामं दिसलं की वाढणारा वाढणारच, आणि वाढलेलं टाकायचं नाही. अशा पेचात दोन सज्जन माणसं त्या दुपारी सापडली.

थोड्या वेळाने प्रतापरावांना समोरचा डोंगर फार प्रेमळ वाटायला लागला. उत्तराबाईंचे गाल लाल झाले होते आणि केसांत लॅव्हेंडरची काडी तशीच होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही गं राणी." राणी! हा शब्द त्यांनी शेवटचा कधी वापरला होता, कुणास ठाऊक.

"मला सायकल येत नाही. योगाबिगा काही नाही हो, मी शिकायच्या क्लासला जात होते. मला अजून थांबता येत नाही."

प्रतापराव बघतच राहिले. "मग सांगलीला मला कशाला विचारलंस?"

"येत नव्हती म्हणूनच तर विचारलं! घरी शिकू दिली नाही. समोर पोस्टमास्तर राहायचे. रोज संध्याकाळी ते बायकोला कॅरियरवर बसवून फिरायला न्यायचे. ती अशी एका अंगाला बसायची, पाय हलवत, अंबाड्यात अबोलीचा गजरा. मी खिडकीतून बघायची. म्हटलं, आपल्या नवऱ्याला सायकल आली पाहिजे. बाकी काही नको." त्यांनी ग्लासातला शेवटचा थेंब संपवला. "इथे आल्यावर पहिला उन्हाळा वाट बघितली. दुसरा बघितली. मग वाटलं, यांना लाज वाटत असेल मला मागे बसवायची. मग नाही बघितली."

प्रतापरावांची झिंग खाडकन उतरली. त्यांना इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं! कुणाचं मखर, कुणाचं गराज, सगळ्या गावाचं केलं, आणि हिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

"उत्तरा, मला पण येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल. लायब्ररी नाही, चर्चचा पार्किंग लॉट. मला डावीकडे वळता येत नाही."

उत्तराबाई टक लावून बघत राहिल्या. "पण तुम्ही तर हात सोडून..."

"हात धरूनही नाही."

आधी त्यांचे ओठ थरथरले. प्रतापरावांना वाटलं, आता रडणार. आणि उत्तराबाई हसल्या! अशा हसल्या, की टेबल हललं, झुमकेवाली धावत आली, शेजारचे कारण ठाऊक नसतानाही हसायला लागले. प्रतापरावही हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि त्यातलं हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वाइन प्यायल्यावर सायकलवर बसायचं नाही, एवढी अक्कल शाबूत होती. दोघं सायकली हातात धरून, चालत, गात, बदकांची माफी मागत बॉथेलला पोचली. पार्किंग लॉटमध्ये उर्वी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुम्ही चालत आलात? सगळा रस्ता?"

मग काय, सगळं सांगून टाकलं, दोघांनी एकदम, एकमेकांना तोडत. उर्वीने डोक्याला हात लावला. "अनबिलीव्हेबल! मी कॅन्सल करतेय."

"थांब," प्रतापराव म्हणाले. "पुढचा रविवार दे मला. आणि या दोन नकोत. ती दोघांची मिळते ना, एकामागे एक सीट असलेली? ती आण."

"टँडम? बाबा, ती जास्त डिफिकल्ट असते!"

"तू आण गं."

पुढचा आठवडा चर्चमागे तालीम झाली. आता चोरून नाही. उत्तराबाई खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून समोर बसायच्या आणि "डावीकडे! अहो, डावीकडे!" म्हणून ओरडायच्या. प्रतापराव पडायचे, उठायचे, परत यायचे. शनिवारी एकदाच जमलं.

रविवारी वाइन नाही, नुसतं लिंबू सरबत. प्रतापराव पुढे, उत्तराबाई मागे. अबोली इथे कुठली मिळायला, त्यांनी केसांत लॅव्हेंडर माळली होती. सायकल डगमगली, सावरली आणि निघाली. परत येताना पुलाजवळच्या छोट्याशा चढावर प्रतापरावांना धाप लागली. सायकल एवढी जड का लागतेय?

"उत्तरा, पेडल मारतेयस ना?"

"नाही."

"अगं, का?"

"डबलसीट बसलेय," त्या म्हणाल्या. पाय दोन्ही बाजूंना उचलून धरले होते आणि खुशाल हलवत होत्या.

प्रतापरावांनी दात आवळले आणि दोघांचं ओझं एकट्याने चढावर ओढलं. पुढे पार्किंग लॉट दिसायला लागला. फोन रोखून उर्वी उभी होती. लॉट डाव्या हाताला होता. मागून कुणी काही ओरडलं नाही. फक्त एक हात आला आणि त्यांच्या पाठीवर टेकला.

"आई, पेडल!" उर्वी ओरडली. "आई, यू हॅव टु पेडल!"

उत्तराबाईंनी दुसरा हात सोडून लेकीला टाटा केला, आणि प्रतापराव डावीकडे वळले.