पिस्तुलावरचा झेंडू

हिवाळ्यात गॅसवर चालणारे पिस्तूल हाती घेतले की सर्वप्रथम जाणवतो तो त्याचा गारठा. इतका निर्विकार, इतका परका गारठा, की तळहाताने क्षणभर दचकून मागे सरावे! मग त्याच्या मुठीतले, गॅस आणि छर्रे भरलेले मॅगझीन काढायचे, दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरायचे आणि स्वस्थ बसून राहायचे. कारण थंडीत आतला गॅस आळसावतो. अशा वेळी चाप ओढला, तर एरवी खणखणीत आवाज करणारे ते यंत्र फुसकन् सुस्कारा टाकते आणि प्लास्टिकचा पांढरा छर्रा चार पावलांवर जाऊन लोळण घेतो. ऊब मिळाली की मात्र तेच पिस्तूल ताठ मानेने बोलू लागते. धातू हळूहळू कोमट होतो, सिलिकॉनच्या तेलाचा मंद वास बोटांना लागतो आणि आपला श्वासही नकळत संथ होतो. जर्मनीतल्या ग्रोनाउ गावी, एका जुन्या रिकाम्या गोठ्यात, लाकडी खोक्यावर बसून मी कितीतरी रविवारी अशी ओंजळ धरली आहे. दारातून कुणी डोकावले असते, तर त्याला वाटले असते, ही बाई प्रार्थना करते आहे!

तुम्ही हसाल, याची मला कल्पना आहे. झुरळसुद्धा सुपलीत धरून अंगणात सोडून येणाऱ्या माझ्यासारख्या बाईला पिस्तुलाचे वेड लागावे, हे पुण्यात माझ्या आईलाही कधी खरे वाटले नाही. फोनवर ती म्हणायची, “अगं, तिकडे भरतकामाचे वर्ग नसतात का?” पण सगळ्या वेडांच्या मुळाशी एखादी गरज असते, आणि माझी गरज होती माझा उजवा हात.

दोन हजार पाच-सहाची ही गोष्ट. नेदरलँड्सच्या पूर्व टोकाला, एनस्खेडेच्या तांत्रिक विद्यापीठात मी संशोधन करत होते. काम असे, की सूक्ष्मदर्शकाखाली नखाएवढ्या चकतीवर केसाहून बारीक सोन्याच्या तारा चिमट्याने नेमक्या जागी ठेवायच्या. विधात्याने हात दिले तेच बहुधा यासाठी, असा माझा गोड गैरसमज होता. मग एका वर्षी थायरॉइडने डोके वर काढले आणि हात थरथरू लागला. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरने, शिरस्त्याप्रमाणे आधी थांबून पाहू म्हटले, नंतर तपासण्या केल्या, औषध दिले. आजार आवरला. पण शरीरातून गेलेला कंप मनात दडून बसला, त्याला कोणती गोळी लागू पडणार? चिमटा उचलला की हात कापे, कापेल या भयाने अधिक कापे, आणि सोन्याची तार भलत्याच जागी जाऊन चिकटे. माझे प्राध्यापक सज्जन होते, आणि डच होते. त्यामुळे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की नाताळपर्यंत वाट पाहू. तोवर तारा बसल्या नाहीत, तर हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे लागेल. त्यात दुष्टावा नव्हता. पण घरी येऊन मी मोरीत नळ मोठा सोडून रडले, हेही तितकेच खरे.

उटे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. ती जर्मन, सीमेपलीकडे ग्रोनाउला राहायची आणि रोज देश ओलांडून कामाला यायची, जणू सदाशिव पेठेतून डेक्कनवर! माझा हात तिने पाहिला होता. एके दिवशी तिने मला आपल्या घरामागच्या गोठ्यात नेले, समोरच्या फळीवर कागदाचे निशाण टाचले, माझ्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि हातात एक काळे पिस्तूल दिले. वजनाने खरे, रूपाने खरे. प्रत्येक बाराला वरचा भाग झटक्याने मागे येऊन मनगटाला हिसका देणारे. खोटा होता तो फक्त छर्रा. पहिले काही बार फळीलाही लागले नाहीत. पण त्या दिवशी हात कापला म्हणून कुणाचे काही बिघडले नाही. या एका गोष्टीचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! महिन्याभरात मी तसलेच पिस्तूल विकत घेतले.

आता इथे एक पेच होता. खऱ्याशी इतके साधर्म्य असलेले नकली शस्त्र जर्मनीत सज्ञान माणसाला विकत घेता येई, पण नेदरलँड्समध्ये ते नुसते जवळ बाळगणेही गुन्हा होता. तासाभराच्या सायकलीच्या अंतरावर पुण्याचे पाप व्हावे, असा हा प्रकार! म्हणून माझे पिस्तूल कुलपाच्या पेटीत, उटेच्या गोठ्यातच राहिले. मी भारताची, संसार नेदरलँड्समध्ये, आणि शस्त्र जर्मनीत. दर रविवारी मी फिट्सवर, म्हणजे इथल्या सायकलवर, टांग मारून त्याला भेटायला जाई.

आणि त्याने मला काय शिकवले? हेच, की कंपाला हुकूम सोडून चालत नाही. हात जो जो आवळावा, तो तो अधिक कापतो. त्याला म्हणावे, काप बाबा, मला वेळ आहे. मग श्वास सोडावा, आणि श्वासाच्या त्या रिकाम्या अंगणात चाप इतक्या सावकाश ओढावा, की बार आपल्यालाही अनपेक्षित वाटावा. कागदावरची भोके आधी माळावर चुकलेल्या मेंढरांसारखी पांगलेली असत. शरद ऋतू लागेतो ती एकमेकांच्या जवळ येऊ लागली होती. चिमटा मात्र अजून हट्ट सोडत नव्हता, आणि नाताळ जवळ येत होता.

अशात खंडेनवमी आली. माझा नवरा शिरीष संगणकातला माणूस. देवाधर्मात अर्धवट, पण शस्त्रपूजेचा त्याला भारी सोस. ज्याच्यावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, एवढे त्याचे तत्त्वज्ञान. आमच्या घरात पूजेला म्हणावा असा कोपरा नव्हता, होता तो खिडकीचा रुंद कट्टा. आणि डच घरांची खिडकी म्हणजे काय सांगावे! भिंतीएवढी मोठी, लख्ख पुसलेली, रस्त्याला अगदी लागून, आणि पडदे सताड उघडे. लपवण्यासारखे आमच्यापाशी काही नाही, असे ते घर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. आम्हीही आल्यावर वर्षभरात पडदे ओढायचे विसरलो होतो.

त्या संध्याकाळी मी कामावरून आले, तर शिरीष दारातच. “डोळे मीट,” म्हणाला. हाताला धरून त्याने मला खिडकीपाशी नेले. कट्ट्यावर पाट, पाटावर लाल वस्त्र, त्यावर त्याचा लॅपटॉप, पकड, पेचकस, स्वयंपाकघरातली सुरी, सायकलचा पंप, माझा जुना चिमटा. समोर निरांजन तेवते आहे, आणि मधोमध, हळदकुंकू लावलेले, झेंडूच्या फुलांनी मढवलेले माझे पिस्तूल! दुपारी रजा टाकून, माझ्या किल्ल्या घेऊन हा भला माणूस ग्रोनाउला गेला होता आणि सायकलच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली ती पेटी घालून घेऊन आला होता. “तुझं शस्त्र तिकडे एकटं, बिनपूजेचं राहिलं असतं गं. खेळण्यातलं तर आहे! एक दिवसानं काय होतंय?” माझे डोळे भरून आले. असे वेडे प्रेम कुणाच्या वाट्याला येते? आणि पुढच्याच क्षणी माझ्या ध्यानात आले, की आमच्या खोलीत दिवा आहे, बाहेर अंधार पडतो आहे, आणि पडदे उघडे आहेत. मी पुढे झाले तोच दाराची घंटा वाजली.

दारात समोरच्या घरातल्या हेन्नीबाई उभ्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आमच्या येण्याजाण्याची आस्थेने नोंद ठेवणाऱ्या. अंगात कोट नाही, चेहरा पांढराफटक. “ती फुलं माझी आहेत,” त्या आत येत म्हणाल्या. खरेच होते ते. सकाळी शिरीषने सण आहे म्हणून मागितल्यावर त्यांनी आपल्या वाफ्यातला झेंडू स्वतः खुडून दिला होता. “मी पोलिसांना फोन करायला रिसीव्हर उचलला होता. मग फुलं ओळखली आणि खाली ठेवला. आता मला सांगा, ते काय आहे?” शिरीष गडबडून गेला. “टॉय आहे हो, मेव्राउ, ओन्ली अ टॉय!” अशी मराठी-डच-इंग्रजीची खिचडी करत त्याने त्यांना दाखवायला म्हणून ते चक्क हातात उचलले. हेन्नीबाई भिंतीला जाऊन टेकल्या. मी त्याच्या हातून ते काढून घेतले, मॅगझीन वेगळे केले, दोन्ही पेटीत घालून कुलूप लावले आणि किल्ली त्यांच्यासमोर मेजावर ठेवली. आयुष्यात इतकी शरम मला क्वचितच वाटली असेल.

त्यांना मी स्वयंपाकघरात बसवले, चहा टाकला. घोटभर चहा पोटात गेल्यावर त्या बोलू लागल्या. युद्धाच्या काळात त्या चार-पाच वर्षांच्या होत्या. एक परका शिपाई त्यांच्या घरात शिरला, जेवायला मागितले, आणि पट्ट्यातले पिस्तूल काढून त्याने ताटाशेजारी ठेवले. त्याचे जेवण होईतो घरातले कुणी हलले नाही, आईसुद्धा नाही. “त्यानं कुणालाच काही केलं नाही, मेधा. जेवला, आभार मानले, गेला. पण मला अजून ते टेबल दिसतं.” हे सांगताना त्यांचा हात इतका थरथरत होता, की कप बशीवर वाजू लागला. मी तो कप काढून घेतला आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही तळव्यांत धरला. बर्फासारखा गार होता. साठ वर्षे आत मुरलेल्या भयाला मी कोणत्या शब्दांनी समजावणार होते? मी नुसती बसून राहिले, गोठ्यात बसते तशी. श्वास सोडत, घाई न करता. हळूहळू त्या बोटांत ऊब आली, आणि कंप उतरला. आणि तेव्हा, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की इतका वेळ माझा स्वतःचा हात जराही कापला नव्हता!

जाताना हेन्नीबाईंनी अस्सल डच निवाडा दिला. उद्या दिवस मावळायच्या आत ते या देशात दिसता कामा नये. आणि फुले? ती राहू देत, म्हणाल्या. फुलांचा काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे या दिवशी सीमोल्लंघन करतात, गावाची वेस ओलांडून सोने लुटून आणतात. लहानपणी वेस म्हणजे कॉलनीमागचे मैदान असे. त्या वर्षी आम्ही दोघांनी फिट्सवरून खरोखरीची, देशाची वेस ओलांडली, जीव मुठीत धरून! उटेने शिरीषला असे काही फैलावर घेतले, की पुढे कितीतरी दिवस तो तिच्यासमोर येताना खाली मान घालून येई. परतताना सीमेवरच्या भूर्ज वृक्षांखाली पिवळ्याधमक पानांचा खच पडला होता. आपटा नाही तर नाही. मी ओंजळभर पाने उचलली आणि हेन्नीबाईंच्या दारात जाऊन त्यांच्या हातावर ठेवली. हे आमचे सोने, म्हटले. घ्या, आणि सोन्यासारख्या राहा. त्यांनी ती पाने निरखली आणि मग थेट विचारले, “तिथे जाऊन तू करतेस तरी काय?” उत्तरादाखल मी पिशवीतला निशाणाचा कागद काढला. त्या दुपारीच मारलेला. पाच भोके, एका बशीत मावतील इतकी जवळ. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि परत दिला नाही.

नाताळच्या आधी तारा बसू लागल्या. सगळ्या नाही. काही अजूनही रुसून वाकड्या पडत. पण प्राध्यापकांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची माझीच राहिली. त्या खुर्चीत बसताना मी आता आधी तळहात एकमेकांवर ठेवते, आणि कुणाचा तरी गार हात आठवते.

आजही थंडीच्या रविवारी उटेच्या गोठ्यात मी मॅगझीन ओंजळीत घेऊन बसते. ते तापेपर्यंत घाई करून उपयोग नसतो, आणि मला घाईही नसते. संध्याकाळी घरी परतले की हेन्नीबाई दारातूनच विचारतात, “झोपलं का ते तिकडे?” झोपलं, असे मी सांगते, आणि त्या हात पुढे करतात. मी नवा कागद देते, त्या जुना काढतात. भिंतीएवढ्या त्यांच्या उघड्या खिडकीत, ऑर्किडच्या दोन कुंड्यांच्या मधोमध, तो कागद आठवडाभर टांगलेला असतो, आणि अंधार पडला की आमच्या घरातून त्याच्या भोकांतून त्यांच्या दिव्याचा उजेड दिसतो.