कापूस आधी बाहेर काढला

माझ्या चुलतसासऱ्यांइतका आगीला भिणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. ते फौजदारी वकील आणि मी त्यांचा ज्युनियर. त्यातून घरचा जावई, म्हणजे चिडायचीही सोय नाही. कापसाचे भाव पडले होते ती वर्षं. घाटंजीकडच्या शेतातला कापूस काकाजींनी भाव चढेपर्यंत म्हणून घरातल्याच ऑफिसात भरला, आणि भाव काही चढेना. कायद्याची पुस्तकं गंजीमागे गेली. पक्षकार कापसावर बसायचे आणि अंग खाजवत उठायचे. दारातच काकाजी प्रत्येकाचे खिसे चाचपत, काडीपेटी सापडली की काढून घेत. एका फौजदारालाही त्यांनी सिगारेटसकट रस्त्यावर उभं केलं होतं. देवाचा दिवासुद्धा अंगणात हद्दपार झाला. काकू करवादायच्या, "देवाले अंधारात ठेवलं अन् सरकीची राखण करून राह्यले."

दुसरी खोड याहून वाईट. कुठलीही केस आली की काकाजी आधी समोरच्याची बाजू लढत, तीही पक्षकाराच्या तोंडावर, आणि इतक्या जीव तोडून की पक्षकाराचा चेहरा उतरायचा. चोरी झालेल्या एका दुकानदाराला तर आपणच चोर आहोत असं वाटू लागलं होतं. मी टोकलं की म्हणत, "जवाईबुवा, त्याचं आंगडं घातल्याशिवाय ते कुठं फाटलं हाय हे कसं समजन?"

सुमन नावाची बाई आली तेव्हा मात्र मला हे बघवेना. नवऱ्याने एका संध्याकाळी तिच्या अंगावर रॉकेल ओतून काडी लावली होती. शेजारणीने गोधडी टाकून विझवलं म्हणून ती वाचली. मान आणि हात भाजले. खून करायचा प्रयत्न म्हणून नवऱ्याला शिक्षा झाली आणि त्याने नागपूरला अपील केलं. म्हणणं असं की भांडणात डबा कलंडला, दिवा पडला, जाळायचा इरादा नव्हताच. शिवाय कापसाच्या भावाने डोकं फिरलं होतं, तेव्हा भोगली तेवढी शिक्षा पुरे. 'सुटलो की येतोच' असा निरोप त्याने तुरुंगातून धाडला होता. दिग्रसला भावाकडे राहणारी सुमन तेव्हापासून रात्ररात्र दाराला पाठ लावून बसायची.

तर अशा बाईसमोर काकाजी तिचा नवरा होऊन उभे राहिले. हातात पाण्याचा तांब्या, तोच रॉकेलचा डबा. "मी रागात हाओ. मले काही भान नाही." तांब्या वर गेला आणि तिथेच थांबला. भोवतालच्या गंजीकडे बघून त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"बाई, तुह्या घरी कापूस नव्हता काय?"

"व्हता नं. पार आढ्याले टेकला व्हता. त्या दिवशी दुपारीच शेजारी नेऊन टाकला त्यानं."

"काहून?"

"का मालूम. एकही बोंड ठेवलं नाही."

काकाजी मटकन कापसावर बसले. शेजाऱ्याच्या साक्षीत ते वाक्य होतंच. 'कापूस दुपारी माझ्या ओसरीत आणला.' आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

नागपुरात सरकारी वकिलांच्या मदतीला ते उभे राहिले. सुरुवात इंग्रजीत केली, पण इंग्रजी मध्येच दगा देऊन गेली आणि ते सरळ वऱ्हाडीवर आले. "साहेब, राग संध्याकाळी आला म्हनते. कापूस दुपारीच बाहेर गेलता. त्यानं कापूस वाचवला, बायको नाही वाचवली. अन् भावाचं म्हनसान, त माह्याबी घरात कापूस पडून हाय. मी त कोनाले पेटवलं नाही."

निकालाच्या दिवशी आम्ही सुमनला घेऊन गेलो. अपील फेटाळलं, शिक्षा कायम. ते सगळं इंग्रजीत झालं, त्यामुळे ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर काकाजी म्हणाले, "तो येत नाही, बाई. लय वर्सं येत नाही."

"खरंच नाही येत?"

"नाही येत."

ती व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. मी पाणी आणायला गेलो आणि परत आलो तर ती तिथेच, त्या वर्दळीत, गाढ झोपली होती. मला इतकं हलकं वाटलं की हातातलं पाणी मीच पिऊन टाकलं. यवतमाळची गाडी चुकेल म्हणून मी तिला हाक मारायला वाकलो, तर काकाजींनी मला मागे ओढलं. जाणाऱ्या-येणाऱ्या वकिलांना ते एका हाताने खुणावून बाजूने जायला सांगत होते आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते.

आता काकाजी नाहीत, पण तो बाक आठवतो. त्या दिवशी आमची गाडी गेली, मग पुढचीही गेली. "जाऊ द्या गाडी," ते हळूच म्हणाले, "निजू द्या तिले."